तिची दुओना

भट्टीतून पाव काढला की मादाम तो उलटा करायची, बोटांच्या पेरांनी तळाला ठकठक करायची आणि कान लावून ऐकायची. आवाज पोकळ आला की म्हणायची, "झाली ती."

ती म्हणजे दुओना. मादामच्या लिथुआनियन भाषेत राय नावाच्या धान्याचा काळा पाव बाईमाणूस.

"आमच्यात पाव पुरुष," मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "पण भाकरी बाईच."

"मग तुम्ही अर्धे शहाणे."

मॉन्ट्रियलमधल्या तिच्या छोट्या बेकरीत मी कामाला होते. शाळा नववीत सुटलेली, फ्रेंच बोंझूरपुरतं. वर्क परमिट याच बेकरीचं. ती बंद झाली तर मी परत सांगलीला. त्यामुळे मादाम नुसती खोकली तरी मी विचारायचे,

"मादाम, दुकान चालू राहील ना?"

"मळ. बडबड नको."

विद्यापीठातलं कुणी गिऱ्हाईक तिला सांगून गेलं होतं, की दुओना शब्द फार जुना, मुळात तो धान्याचा, आणि आपल्या 'धान'शी त्याचं नातं आहे. हे ती मला वरचेवर ऐकवायची. "तुझी माझी आजी एकाच शेतात राबली असणार. म्हणून दोघींचे पाय दुखतात."

फळी रिकामी झाली की गिऱ्हाइकाला सांगायची, "दुओनोस नेरा." पाव नाही.

"दुओनाची दुओनोस कशी झाली?"

"नाही म्हटलं की शब्दाचा शेवट बदलतो. नसलेल्याला आमच्यात वेगळं रूप."

घरापासून लांब राहणारीला हे लगेच पटलं.

त्या हिवाळ्यात तिचे पाय सुजले. मुलगी फोनवर ओरडायची, दुकान बंद कर म्हणून. मादाम स्टुलावर बसून, उसासे टाकत मळायची. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं, चांगुलपणा पकडला की चिडणारी.

"मुलगी बरोबर बोलते, मादाम," मी एकदा घाबरतच म्हटलं.

"तुझा पीआर आला? कायमचं राहता येतं इथे?"

"नाही अजून."

"मग मळ."

मार्चमध्ये पीआर आला. बर्फाचे बूट न काढताच मी भट्टीपाशी जाऊन सांगितलं आणि रडले. ती पिठाच्या हातांकडे बघत राहिली.

"बरं झालं. मी फार दमलेय गं."

मग पाठ करून उभी राहिली. एप्रनची गाठ घट्ट बसली होती, तिची बोटं तिथवर पोचेनात. मी सोडवली.

"उद्या येऊ नकोस," ती म्हणाली. "झोप जरा."