भोईर पंचांच्या काडेपेट्या

अंबरनाथच्या आमच्या कबड्डी स्पर्धेत संघ नोंदवायला गेलं की भोईर पंच वजनकाट्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. हात पुढे करून विचारायचे, "पेटी?" पेटी म्हणजे काडेपेटी, आणि तीत घरातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या शौचाचा नमुना. ज्या खेळाडूची पेटी नाही तो मैदानाबाहेर, मग तो कितीही मोठा चढाईवाला असो.

भोईर पालेगावचे, कारखान्यात फिटर. त्यांच्या धाकट्या भावाला वर्षभर रक्त पडत होतं. आमच्याकडे रक्त पडलं की मूळव्याधच, आणि मूळव्याधीवर गल्लीतला जो तो डॉक्टर. आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा उशीर झाला होता. "आमी त्याला सुरण भरवत बसलो," भोईर सांगायचे. उल्हासनगरचा एक सिंधी लॅबवाला कबड्डीचा वेडा. डोळ्यांना न दिसणारं रक्तही तपासणीत कळतं, असं त्यानेच त्यांना सांगितलं, आणि पेट्या फुकट तपासून द्यायचं कबूल केलं.

लोकांनी स्पर्धेला नाव ठेवलं, 'काडेपेटी कप'. बदलापूरच्या एका संघाने तर चक्क शेण भरून आणलं. लॅबवाला म्हणाला, "दादा, ये किसका बाप है? घास खाता है." आम्ही पोट धरून हसलो. भोईर हसले नाहीत. "बापाला फसवलास, मला नाय," एवढंच त्या कप्तानाला म्हणाले आणि संघ परत पाठवला.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, त्यांच्याच कारखान्यातले. "माझी घाण गावभर फिरवणार? मेलो तरी देणार नाही," म्हणाले. म्हणजे मी बाहेर. मी आठवडाभर घरात तोंड फुगवून बसलो. शेवटी भोईर ड्यूटी सुटल्यावर घरी आले.

"शिंदेभाऊ, चढाईला गेलेल्यानं दम हाय तवर मागं फिरायचं. दम गेल्यावर रेषा गाठता येत नाय."

नानांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण सकाळी माझ्यापुढे पेटी टाकली. "घे, खेळ तुझी ती कबड्डी."

पेटीत रक्त निघालं. मुंबईच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तर आतड्यात गाठ. अजून पसरली नव्हती. ती काढली आणि नाना पुन्हा कामाला जायला लागले. आता अशा माणसाचे पाय धरावेत की नाही? पण नाना भोईर दिसले की रस्ता बदलायचे. लाज, दुसरं काय! मला त्याचा फार राग यायचा.

पुढे आजूबाजूला मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धा सुरू झाल्या. तिथे कोण कशाला पेटी मागतंय? आमच्याकडचे संघ गळत गेले. भोईरही रिटायर झाले, गुडघ्यांनी दगा दिला. "थकलो रे," म्हणायचे. "खेळायला पोरं येतात, पेटी म्हटली की पळतात. किती वर्षं तेच तेच सांगायचं?"

शेवटच्या वर्षी आम्ही दोघांनीच चुन्याच्या रेषा मारल्या, टेबल मांडलं. दुपारपर्यंत एकही संघ आला नाही. भोईरांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"चल, टेबल उचल. संपलं."

तेवढ्यात मैदानाच्या टोकाला नाना दिसले. काठी टेकत, सावकाश. रस्ता बदलला नाही. सरळ टेबलाशी आले आणि सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी काढून भोईरांपुढे ठेवली.

"स्पर्धा नाय यंदा, शिंदेभाऊ," भोईर म्हणाले.

"नसू दे. डॉक्टरनं दर वर्षी तपासायला सांगितलंय." नाना जरा घुटमळले. "आणि आमच्या चाळीतले दोघं विचारत होते, आमची पेटी घेतील का म्हणून. उद्या आणू?"

भोईरांनी पेटी उचलून आपल्याजवळ ठेवली. मग खिशातून शिट्टी काढून त्यांनी परत गळ्यात घातली.

"टेबल राहू दे," ते मला म्हणाले. "शिंदेभाऊंना खुर्ची आण."