सत्तर रुपयांची हरळी

साठच्या दशकात लोणावळ्याजवळ वलवणला आमचे कौलारू घर होते. मे महिन्यात पुढच्या तीन खोल्या मुंबईच्या एखाद्या कुटुंबाला भाड्याने द्यायच्या आणि आम्ही मागच्या पडवीत राहायचे, असा रिवाज होता. त्या भाड्यातून पावसाळ्यापूर्वी फुटकी कौले बदलली जात. त्या वर्षी फुटकी कौले बरीच होती आणि नेहमीचे भाडेकरू येणार नव्हते.

नव्या भाडेकरूंनी ओळखीच्या माणसाकडून विचारले, घरापुढे लॉन आहे का. वडिलांनी ‘आहे’ म्हणून कळवले आणि माळी शोधायला बाहेर पडले.

लोणावळ्याच्या माळ्याने अंगण पावलांनी मोजून पंच्याऐंशी रुपये सांगितले. त्यात माती, शेणखत, हरळी आणि मजुरी आली. पाणी आमचे.

“एवढ्यात निम्मं छप्पर होईल,” आई म्हणाली.

“भाडेकरू नाही आले तर सगळंच गळेल,” वडील म्हणाले. सौदा सत्तरला पटला. एप्रिलच्या मध्यावर अंगण हिरवे झाले.

घरी धुण्याभांड्याला येणारी मावशी या काळात मुलीच्या बाळंतपणासाठी बेडशाला होती. ती परतली आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही सगळे एका लग्नासाठी पुण्याला निघालो. रविवारी भाडेकरू घर पाहायला यायचे होते. आईने जाताना सांगितले, “पाहुणे यायचेत, अंगण तेवढं नीट करून ठेवा.”

मावशीच्या घरी भातशेती; अशा माणसाला हरळी एकाच कामाची, उपटून टाकण्याच्या. आम्ही शनिवारी परतलो तेव्हा अंगण शेणाने सारवलेले होते आणि दारात रांगोळी होती.

“लय माजली व्हती, वैनी. मुळासकट काढली,” मावशी म्हणाली.

“मावशी, ती पैसे देऊन लावली होती,” वडील म्हणाले.

“हरळी? लावली?” मावशीने आईकडे पाहिले. “भाऊ, आमच्या बांधावर यायचं की. गाडाभर फुकाट दिली असती, वर च्या पाजला असता.”

रविवारी भाडेकरू गृहस्थांनी पहिलाच प्रश्न लॉनचा केला. वडील घसा साफ करीत होते तेवढ्यात मावशीने उत्तर दिले, “ते म्हशीनं खाल्लं.”

गृहस्थांची पत्नी हसू लागली. तिच्या मुलींनी तोवर सारवणावर कोळशाने चौकोन आखून ठिकरीचा डाव मांडला होता. गेल्या वर्षीच्या बंगल्यात मोठे लॉन होते, ती म्हणाली, पण माळी मुलांना त्यावर पाय ठेवू देत नसे. सगळा महिना मुली व्हरांड्यात बसून होत्या.

“खेळू द्याल ना इथे?”

“खेळूद्यात की. उखणलं तर परत सारवीन,” मावशी म्हणाली.

गृहस्थांनी उभ्या उभ्याच आगाऊ भाडे दिले. हरळीचे सत्तर रुपये हिशेबात वडिलांनी घराच्या दुरुस्तीत धरले, आईने म्हशीच्या वैरणीत. कौले त्याच आठवड्यात आली.