मेंढरांसाठी थांबलेली रेल्वे

मंडळी, सांगलीच्या घरात मी टेबलावर छोटी रेल्वे उभारलीय. आज आबांनी, म्हणजे वडिलांनी, तिला पहिल्यांदा हात लावला. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. आई गेल्यावर म्हसवडहून आमच्याकडं आलेत.

दुपारी बघतो तर रुळाअलीकडं घोंगडीच्या लोकरीची मेंढरं, पलीकडं काडेपेटीच्या काडीची एकटी बाई! आधी चिडलोच.

"ही कोण?"

"तुजी आई. बिऱ्हाड घोड्यावर लादून कायम मेंढरांच्या पुढं जायाची. गाडी थांबीव रं."

मी इंजिन थांबवलं. आबांनी एकेक मेंढरू उचलून तिच्याजवळ नेऊन ठेवलं.

"आणि तुमी, आबा?"

"मला घाई न्हाई. सोड गाडी."

सांगा, लगेच कशी सोडू?