अस्तुरियासचे सपाट माथे

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या मॉडेलच्या वर्कशॉपमध्ये मी सोळा वर्षं इमारतींचे तुकडे कापले. टॉवर, व्हिला, मॉल, पुन्हा टॉवर. मग अबुधाबीच्या एका प्रदर्शनासाठी स्पेनमधल्या अस्तुरियास नावाच्या डोंगराळ मुलखाचं मॉडेल करायचं काम आलं. इमारतवाले सगळे मागे सरले. मी म्हटलं, मला द्या, सगळंच्या सगळं मी करतो. सुपरवायझर म्हणाला, "बिगडा तो वापस कटिंग पे, हमेशा के लिए."

नकाशा उलगडला आणि मला हसूच आलं. अहो, हे तर आमचं कोकण! समुद्र पश्चिमेऐवजी उत्तरेला, एवढंच. किनाऱ्याला चिकटून हिरवी पट्टी, लगेच उभी चढण, धावत खाली येणाऱ्या आखूड नद्या. डोंगर ओलांडला की कोरडं, उंच पठार. म्हणजे घाटावरच की! सुपरवायझर सगळीकडे तपकिरी रंग मारायला सांगत होता. मी ऐकतोय कसला? ढग समुद्रावरून येतात आणि अलीकडेच रिकामे होतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. समुद्राकडची बाजू मी हिरवीगार केली, पलीकडची वाळल्या गवतासारखी.

काम बघायला त्या मुलखातल्याच एक बाई आल्या. मॉडेलवरच्या नदीच्या पात्रात हाताचं बोट टेकवून समुद्रापासून मान डोलावत वर निघाल्या. शिखरांपाशी बोट थांबलं. म्हणाल्या, "हे आमचे डोंगर नाहीत."

माझं डोकंच फिरलं. पण नीट बघितलं आणि मनात म्हटलं, गाढवा! सगळे माथे मी घासून सपाट केले होते. आमच्याकडे डोंगराचा माथा म्हणजे आडवी रेघ, वर किल्ला बांधावा अशी ऐसपैस जागा. हाताला तेच वळण. त्यांचे मात्र चुनखडीचे सुळके, नुसती टोकं. सुपरवायझर कटिंगच्या टेबलाकडे हात करून मोकळा झाला. बाईंनीच माझ्यासाठी दोन दिवस मागून घेतले.

मी सगळे माथे उडवले. घासलं की गोल होतं, म्हणून प्लास्टरच्या वड्या पाडल्या, हातोडीने फोडल्या आणि धारदार कपच्या एकेक करून उभ्या चिकटवल्या. बोटं पार सोलवटून निघाली.

बाई परत आल्या. त्याच नदीने वर गेल्या, शिखराचं टोक बोटाला टोचलं आणि त्या मोठ्याने हसल्या. मग एका दरीत बोट ठेवून म्हणाल्या, "इथे माझं गाव." आणि विचारलं, "हू मेड धिस?"

सोळा वर्षं या प्रश्नाला सुपरवायझरचं एकच उत्तर मी ऐकत आलो होतो, "अवर टीम." त्याने तोंड उघडलं, माझ्या बोटांवरच्या पट्ट्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "धिस मॅन. ओन्ली हिम."