नानांनी बदललेला खुनी

नानांना इंग्रजी येत नव्हतं. एक वाक्यसुद्धा नाही.

आज सकाळी ते गेले. म्हणून आता हे उघड लिहायला हरकत नाही.

नाना म्हणजे कांजूरमार्गच्या आमच्या चाळीतले, शेजारच्या खोलीतले. गिरणी बंद झाल्यावर एका ऑफिस बिल्डिंगमध्ये लिफ्टमन. इंग्रजीचं विचारलं की म्हणायचे, "ग्राउंड, फर्स्ट, सॉरी. बाकी काय लागता माणसाक?"

तरी रविवारी दुपारी त्यांच्या टीव्हीवर जुने इंग्रजी पिक्चर लागायचे. रद्दीवाल्याकडून आणलेल्या डीव्हीडी. नाना टीव्हीशेजारी स्टुलावर बसून प्रत्येक डायलॉग मालवणीत सांगायचे आणि आम्ही सगळे जमिनीवर बसून ऐकायचो.

मी सातवीत होते, तेव्हाचा एक रविवार.

त्या आठवड्यात आईवर चोरीचा आळ आला होता. ती पवईच्या एका टॉवरमध्ये घरकामाला जायची. तिथली सोन्याची साखळी हरवली. पोलीस वगैरे काही नाही. फक्त, "उद्यापासून येऊ नकोस."

साखळी मिळाली की नाही, ते आम्हाला कोणी कधी कळवलं नाही.

टॉवरचं एक वेळ सोडा. चाळीचं जास्त लागलं. आई नळावर आली की बायका गप्प व्हायच्या. सुमनकाकू तर आईची मैत्रीण. आई तिच्या दारात गेली, तर काकूने उशाखालची पर्स काढून मांडीवर घेतली.

मी बघितलंय ते. आईनेही.

त्या रविवारी आई पिक्चरला येणार नव्हती. नाना आमच्या दारात येऊन उभे राहिले.

"गो सुनंदा, चल. तू नाय तर पिक्चर नाय."

पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट. समुद्राच्या कड्यावर एक भलामोठा बंगला. धुकं. जिन्यावर हलणारी मेणबत्ती. बंद खोलीत मालकाचा खून. ओला कोट घातलेला एक इन्स्पेक्टर सगळ्यांना प्रश्न विचारत फिरतो. त्या घरात एक मोलकरीण असते. शेवटी ती त्याच्यासमोर रडत रडत बरंच काही बोलते.

नाना म्हणाले, "ती म्हणता, सायबा, इतकी वर्सां ह्या घरात काम केलंय. एक चमचो इकडचो तिकडे केलंय नाय."



"मग खुनी कोण हो नाना?" सुमनकाकूने विचारलं.

"मालकाचो धाकटो भाव. दिसना नाय तुका? आणि आळ कोणार? कामवाल्या बाईर. नेहमीचाच ता."

 चहा आला, तेव्हा पहिला कप सुमनकाकूने आईला दिला. पुढच्या आठवड्यात आईला दुसरं कामही तिनेच बघून दिलं.

कॉलेजमध्ये आमच्या फिल्म क्लबने तोच पिक्चर दाखवला. सबटायटल्ससकट. मी मैत्रिणीला आधीच ऐटीत सांगून टाकलं, "भाऊ खुनी आहे, बघ तू."

खुनी मोलकरीण निघाली. ती रडत रडत गुन्हा कबूल करत होती!

"यार, तू नक्की हाच बघितलेलास ना?" मैत्रीण म्हणाली.

मग मी लायब्ररीतून मूळ कादंबरी आणून वाचली. तिच्यात खुनी तिसराच. घरचा डॉक्टर.

तशीच नानांकडे गेले.

"नाना, तुम्ही खुनी बदललात!"

"कळला? बरा झाला. शिकलंस मा तू."

"पण ते खोटं होतं ना!"

"पुस्तकात कोण होतो?"

"डॉक्टर."

"आणि पिक्चरवाल्यांनी कोणाक केल्यानी?"

"मोलकरणीला."

नानांनी चष्मा काढला. "म्हणजे त्येंनी डॉक्टराक सोडून गरिबाक पकडल्यानी ती कला, आणि मी गरिबाक सोडवलंय ती थाप? खयच्या कॉलेजात शिकवतत गो ह्या?"

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. अडॅप्टेशन या विषयावर पेपर लिहून चांगले मार्क मिळवलेत. तर माझं मत ठाम आहे: त्या गोष्टीचं सगळ्यात झकास अडॅप्टेशन नानांचं.

आईला मात्र मी हे कधी सांगितलं नव्हतं. तिला वाईट वाटेल म्हणून.

आज दुपारी माणसं स्मशानातून परत आली. आई नानांच्या खोलीत चटया गुंडाळत होती. मी म्हटलं, "आई, त्या पिक्चरमध्ये खुनी मोलकरीणच होती गं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. शेवटी तिला बेड्या घालून नेतात. तू लहान, तू नानांच्या तोंडाकडे बघत बसलेलीस. मी पडद्याकडे बघत होते."

"मग बोलली नाहीस?"

"मी कशाला बोलू?" आई चटई तशीच धरून उभी राहिली. "सुमनलाही दिसत होतं. सगळ्यांना दिसत होतं. पण भरल्या खोलीत एकजण म्हणाला नाही गं, की नाना, बेड्या तर हिला घातल्या."

नाना, नमस्कार.

आईचा, माझा, आणि त्या दुपारी तुमच्या खोलीत बसलेल्या सगळ्यांचा.