परशरामअण्णांची फाइल

खानापुरातल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पूर्ण नाव परशराम घाडी, वय चोपन्न. गाव नंदगडच्या पुढं, जंगलाला लागून. घरचं भात आहे. सुगीला आठ दिवस रजा टाकून कापणीला जातात आणि परत येतात तेव्हा दोन्ही हातांवर ओरखडे असतात. एरवी ते नावनोंदणीच्या खिडकीवर. मी रचना, औषधांच्या खिडकीवर. बेळगावहून सकाळच्या बसनं येते, त्याला अकरा वर्षं झाली.

दर गुरुवारी आमच्याकडं फिट येणारे रुग्ण येतात. या आजारात गोळी चुकवून चालत नाही. महिन्याच्या गोळ्या न्यायला जो गुरुवारी आला नाही, त्याला शुक्रवारी अण्णांचा फोन जातो. समोरचा मराठी असेल तर मराठीत, कानडी असेल तर कानडीत. "का आला न्हाईसा? गोळ्या हायेत का संपल्या?" कुणी म्हणतं पाहुणे आलेत, कुणी म्हणतं आता बरं वाटतंय. बरं वाटतंय म्हणणाऱ्याला अण्णा जास्त वेळ देतात.

याच्यामागं एक गोष्ट आहे, ती त्यांनी मला फार उशिरा सांगितली. पूर्वी सगळं रजिस्टरात असायचं. एक बाई तीन महिने आलीच नाही आणि जाडजूड रजिस्टरात ते कुणाच्या लक्षात आलं नाही. चुलीपाशी असताना तिला फिट आली. ती वाचली, पण उजवा हात कायमचा गेला. त्यानंतर अण्णा सहा महिने दर रविवारी बेळगावात कॅम्पातल्या एका कॉम्प्युटर क्लासला गेले आणि स्वतः एक फाइल तयार केली. रुग्णाचं नाव, गाव, फोन, गोळी, पुढची तारीख. तारीख उलटली की नाव लाल व्हायचं.

ती एकच फाइल अण्णांच्या कॉम्प्युटरवर होती आणि डॉक्टर नागेंद्र आणि मी वायरीतून तीच उघडायचो. तिघं मिळून एकाच वहीत लिहितोय असं समजा. चौदा वर्षं ती वही चालली.

गेल्या वर्षी अंगणापलीकडं नवी इमारत झाली. डॉक्टरांची खोली आणि माझी खिडकी तिकडं गेली. वायर ओढायचं निघालं तेव्हा काम करणारा म्हणाला, "वायफाय असताना वायर कशाला?" भिंतीवर पांढरी डबी बसली, आम्हाला लॅपटॉप मिळाले. मी खूश झाले. लॅपटॉप उचलून थेट गोदामात न्यायचा आणि कपाटासमोर उभं राहून गोळ्यांची नोंद करायची.

कुरबुरी महिन्याभरातच सुरू झाल्या. मध्येच पडदा गोठायचा. कधी फाइल सापडत नाही म्हणायचा. मी बंद करून परत उघडायची. फारच अडलं तर अण्णा अंगण ओलांडून यायचे, फाइल दुरुस्त करायचं बटण दाबायचे आणि म्हणायचे, "आता बगा." चालायचं. म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका सोमवारी फाइल उघडलीच नाही. ही फाइल ओळखता येत नाही, असं पडद्यावर आलं. अण्णांनी दुरुस्ती करून बघितली, कॉम्प्युटर बंद करून बघितला. मग ते नुसते बसून राहिले. मी पलीकडून आले तर खिडकीबाहेर रांग होती आणि आत अण्णा दोन्ही तळवे मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत होते. घरात कुणी आजारी असल्यासारखे.

दर शनिवारी ते फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवत. आदल्या शनिवारची प्रत उघडेना. त्याच्या आधीचीही नाही. तिसरीही नाही. चौथी उघडली. म्हणजे तेवीस दिवसांत, खिडकीवरच्या पावत्यांप्रमाणं, एकशे सत्त्याऐंशी माणसं येऊन गेली होती, आणि नावापलीकडं त्यांचं काहीच उरलं नव्हतं. डॉक्टर थेट कॉम्प्युटरवरच लिहायचे, कागदी चिठ्ठी आम्ही कधीच बंद केली होती.

अण्णांनी पद्मजा मॅडमना फोन केला. कॅम्पातल्या त्या क्लासात त्यांनीच शिकवलं होतं. आता त्या बेळगावच्या एका कॉलेजात प्राध्यापक आहेत. त्या शनिवारी येते म्हणाल्या. तोवर जुनी प्रत लावून काम सुरू करायचं ठरलं.

गुरुवारी मालुबाई आल्या. त्यांची नात आरोही, नऊ वर्षांची, आमची रुग्ण. ज्यांचा त्रास आटोक्यात आहे त्यांना दर वेळी डॉक्टरांना दाखवावं लागत नाही, ते थेट माझ्या खिडकीवर येतात. आरोहीची शाळेत परीक्षा होती, म्हणून आजी एकटीच. मी पडद्यावर नाव काढलं, गोळी बघितली, सहा पट्ट्या मोजून पिशवीत घातल्या.

"आज्जी, सकाळी एक, रात्री एक. म्हाईत हाय न्हवं?"

"व्हय गं बाई. पर रंग येगळा दिसतोय. मला कुठं नीट दिसतंय म्हणा."

मी पिशवी पुढं केली तेवढ्यात अण्णा अंगणातून धावत आले. चपला तिकडंच राहिल्या होत्या.

"आक्का, थांबा! ती देऊ नका."

"अण्णा, फाइलीत हीच आहे."

"फाइल जुनी हाय. मालुबाईंना हिकडं येताना बघितलो आणि आठवलं. मागल्या बारीला ही पोरगी आलती तवा तिच्या दंडावर लालभडक पुरळ उठलं होतं. माझ्या खिडकीसमोरच खाजवत बसलती. डॉक्टर तिला आत घेऊन गेलते."

आम्ही तिघं डॉक्टरांकडं गेलो. आरोहीचं नाव ऐकताच त्यांनी डोक्याला हात लावला. त्या गोळीनंच पुरळ उठलं होतं, म्हणून त्यांनी ती कायमची बंद करून दुसरी, तीनच आठवड्यांपुरती, दिली होती. तीच पुन्हा पोटात गेली असती तर अंग सोलून निघालं असतं, जिवावरही बेतलं असतं. डॉक्टर हळू आवाजात हे सांगत होते आणि मालुबाई माझ्या हातातल्या पिशवीकडं बघत होत्या. मी ती टेबलावर ठेवली.

मालुबाईंना नवी गोळी देऊन अण्णा फाटकापर्यंत सोडून आले. मग मला म्हणाले, "आजपासून जुन्या फाइलीवर इसवास न्हाय. एकशे सत्त्याऐंशी जणांची गोळी त्यांना इचारून लिवायची."

शनिवारी पद्मजा मॅडम आल्या. दोन तास बघितलं, मग आम्हाला समोर बसवून समजावलं.

"अण्णा, तुम्ही वही चांगली केली होती. पण ती नुसती वही आहे, तिच्यापाशी राखणदार नाही. प्रत्येक कॉम्प्युटर तिची पानं आपल्याकडं ओढतो, त्यावर लिहितो आणि परत पाठवतो. वायरीतून पान सहसा सुखरूप पोचायचं. वायफाय क्षणभर तुटतं आणि परत जुळतं. व्हिडिओ बघताना ते आपल्याला कळतही नाही. पण त्याच क्षणी पान वाटेत असेल तर वहीत अर्धंच पोचतं. असं होत होत एक दिवस वहीचा टाकाच उसवला."

"आणि माझ्या प्रती?" अण्णांनी विचारलं.

"आतून उसवलेल्या वहीचीच नक्कल काढत होता तुम्ही. शिवाय दुसरे लिहीत असताना. प्रत काढली की ती उघडून बघायची असते, हे मी तुम्हाला तेव्हा शिकवलं नाही." मग त्या कॉम्प्युटरकडं वळल्या. "शेवटचं लिहिणं कुठल्या लॅपटॉपवरून तुटलं तेही दिसतंय. सांगू?"

"नको मॅडम," अण्णा चटकन म्हणाले. "नाव कळून काय करायचंय?"

मी खाली बघत होते. मला नाव माहीत होतं. फाइल मोडायच्या आधीच्या शनिवारी बस चुकेल म्हणून मी नोंद दाबली आणि चाक फिरत असतानाच झाकण मिटून पळाले होते. आणि ते काही पहिल्यांदा नव्हतं.

मॅडम गेल्यावर मी अण्णांना गाठलं. ते चिंचेखाली स्कूटर पुसत होते.

"अण्णा, ते माझ्यामुळं झालं."

"मला म्हाईत हाय. सोमवारीच बघितलो मी."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी फडकं पिळलं. "तुमी काय केलासा? झाकण लावलासा. झाकण लावल्यावर मोडंल अशी वस्तू मी केलतो. त्यात तुमची काय चूक?"

मला रडू आलं. ते लगेच गडबडले आणि म्हणाले, "अवो, रडू नका. सोमवारपास्नं फोन करायला बसायचंय, घसा लागंल."

रविवारी अण्णा आणि आमचा वॉचमन महादेव यांनी अंगणात चर खणला आणि पाइपातून वायर नव्या इमारतीत नेली. मॅडमची नवी व्यवस्था येईपर्यंत लॅपटॉपही वायरीलाच बांधून ठेवायचे ठरले. मग आम्ही यादी घेऊन बसलो. फोनवर माणसं पट्टीवरची इंग्रजी अक्षरं वाचायला नातवाला बोलवायची, नातू नसेल तर शेजाऱ्याला. जंगलाकडच्या काही गावांत फोन लागत नाही. तिथं अण्णा स्कूटरवरून गेले. एकदा मीही गेले. एका घरात बाईनं पिठाच्या डब्यातून पट्ट्या काढून ओट्यावर मांडल्या. अण्णांनी एकेक उलटून बघितली, लिहिलं, आणि कुठली कधी घ्यायची ते तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. तिनं आम्हाला उठू दिलं नाही, भात आणि वालाची आमटी वाढली. येताना मला जाणवलं, अकरा वर्षं मी या माणसांना फक्त खिडकीतून बघत होते.

एकोणीस दिवसांत एकशे शहाऐंशी नावं झाली. उरलेला एक जण कामाला गोव्याला गेला होता. त्याच्या भावाकडून नंबर मिळवून अण्णांनी त्यालाही गाठलं. त्या दिवसांत कुणालाही चुकीची गोळी गेली नव्हती.

जानेवारीत पद्मजा मॅडमनी नवी व्यवस्था बसवली. त्यांनी सांगितलं, "आता वहीची पानं कुणाच्या हातात जाणार नाहीत. आत एक कारकून बसलाय असं समजा. तुम्ही सांगायचं, तो लिहील. तुमचं सांगणं मध्येच तुटलं तर तो काहीच लिहिणार नाही, पण आधीचं लिहिलेलं बिघडू देणार नाही."

अण्णांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मॅडम, मला ते तोडून बघायचंय."

त्यांनी माझ्या लॅपटॉपची वायर काढून तो मुद्दाम वायफायवर घेतला आणि स्वतः पांढऱ्या डबीच्या प्लगपाशी जाऊन उभे राहिले. मी एक खोटं नाव लिहिलं. नोंद दाबायचा माझा धीर होईना.

"दाबा आक्का. मोडलं तर मोडू दे. आज मोडलं तर बरंच."

मी दाबलं, त्यांनी प्लग ओढला. पडदा गोठला. अण्णांनी अंगण ओलांडून आपल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडून बघितली. सगळी नावं जिथल्या तिथं होती, फक्त ते खोटं नाव नव्हतं. प्लग लावला, परत लिहिलं, परत ओढला. कधी नाव पूर्ण जायचं, कधी अजिबात नाही. अर्धं कधीच नाही. पाचव्या वेळी ते मला झाकण मिटायला म्हणाले. मी डोळे बंद करून मिटलं. काही झालं नाही. सहाव्या वेळी मी डोळे उघडे ठेवले.

नवव्या वेळी मॅडम हसत म्हणाल्या, "अण्णा, पुरे की आता. माझी गाडी जाईल."

"अजून एकदाच," अण्णा म्हणाले, आणि डबीकडं गेले.