कॉफीच्या झुडपावरचा डबा

वाहांगी मावशीला गेल्या महिन्यात आम्ही घराण्याच्या थडग्यात ठेवलं. गावात लोक तिच्याबद्दल काहीबाही बोलतात. भूत पाळायची म्हणतात. तसं काही नव्हतं. जे होतं ते सांगते.

मावशीचा नवरा लवकर गेला. मागं एकच पोरगा, नायवू. अंत्सिराबेच्या डोंगरातली आमची शेतं म्हणजे नुसत्या पायऱ्या, एकेका पायरीवर मूठभर भात. नायवूला एकोणिसावं लागलं आणि तो दक्षिणेला नीलमाच्या खाणीवर जायला निघाला. मावशी नको म्हणाली नाही. भात बांधून दिला, भांड्याला लागलेल्या भाताच्या खरवडीत उकळलेलं पाणी बाटलीत भरून दिलं, घराच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. तो वळणाआड झाला. ती माघारी फिरली तर कोपऱ्यावरच्या कॉफीच्या झुडपावर घोयरा सरडा बसलेला. हातभर लांब, चिमट्यासारख्या पायांनी फांदी गच्च धरलेली. एक डोळा रस्त्याकडं, दुसरा मावशीकडं.

आमच्या मादागास्करात घोयऱ्याला कोणी हात लावत नाही, मारत तर नाहीच. कुणाला दाखवायचा झाला तरी बोट दुमडून पेर पुढं करायचं. सरळ बोट केलं तर ते झडतं. गरोदर बाई तर त्याला बघून अर्ध्या वाटेतनं घरी येते. मावशीनं मात्र त्याच्यापुढं काठी धरली. एक पाय पुढं, जरा मागं, परत पुढं, असा डुलत डुलत तो काठीवर आला.

"हा आहे तोवर माझा नायवू आहे," ती माझ्या आईला म्हणाली.

पहिल्यांदा तिनं त्याला कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवलं. तीन दिवस तो डालग्याच्या कुडाला धरून वर वर चढत राहिला. वर जागाच नाही. अंग काळं पडलं. वाटीतल्या पाण्याला तोंड लावेना. मावशीचं स्वतःचं जेवण सुटलं. चौथ्या दिवशी पहाटे धुकं होतं. तिनं डालगं उचललं आणि त्याला परत झुडपावर सोडलं. मरायचा तर झाडावर मरू दे म्हणून. तर त्यानं जीभ काढून पानाच्या टोकावरचा थेंब टिपला. मग दुसरा. मग तिसरा. साचलेलं पाणी त्याला पाणी वाटतच नव्हतं.

तेव्हा मावशीला कळलं. घर त्याच्याकडं न्यायचं, त्याला घरात आणायचं नाही. त्या झुडपाभोवती तिनं निलगिरीचे चार वासे रोवले, माणसापेक्षा उंच, आणि स्वतःच्या बिछान्यावरची मच्छरदाणी त्यावर ओढली. आत आडव्या फांद्या बांधल्या, बोटाएवढ्या जाड, त्याच्या पायात मावतील अशा. अर्ध्या भागावर गवताची सावली केली, अर्धा उन्हाला उघडा ठेवला, म्हणजे त्याला पाहिजे तिथं तो बसेल. वर पाण्याचा डबा टांगला, बुडाला खिळ्यानं भोक. टप. टप. दिवसभर पानावर थेंब. सकाळी बांधावरनं टोळ धरून आणायची. थंडीत संध्याकाळी वाशांभोवती चटई गुंडाळायची, आणि स्वतः मच्छरदाणीशिवाय झोपायची.

मावशीचे थोरले दीर रालाइवाव रोज येऊन बघायचे आणि रोज टोमणा मारायचे.

"लोक कोंबडी पाळतात, डुक्कर पाळतात. तुला हेच सुचलं?"

"कोंबडी कापावी लागते, भावजी."

"अगं, कोपरा कुठला धरलास ते तरी बघ."

कोपरा ईशान्येचा होता. तो पूर्वजांचा. काही मागायचं झालं तर दारूचे पहिले थेंब तिथंच पडतात. पण सकाळचं ऊनही पहिलं तिथंच पडतं, आणि उन्हाशिवाय घोयरा हलत नाही.

"पूर्वजांना काय अडचण आहे?" मावशी म्हणाली. "ते पण उन्हालाच बसतात."

दोन वर्षं नायवूचा निरोप नाही. एकदा घोयरा तीन दिवस तांबडा मातकट झाला. झुडपावरचं एक पान तसं नव्हतं, आमच्या अंगणातली मातीही तशी नव्हती. मावशी त्याच्यासमोरनं उठली नाही. चौथ्या दिवशी तो हिरवा झाला तेव्हा ती जेवली. पुढं महिन्याभरानं खाणीवरनं एक माणूस आला. त्यानं सांगितलं, महिन्यापूर्वी एक खड्डा ढासळला, सात-आठ जण आत राहिले, नावं कुणाला माहीत नाहीत. आई रडायला लागली.

"रडू नको," मावशी म्हणाली. "आज सकाळी चार टोळ खाल्ले त्यानं."

रालाइवाव त्या दिवशी टोमणा न मारताच गेले. आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी, मावशी घरी नसताना, ते गावठी दारूची बाटली घेऊन आले. पोरासाठी पूर्वजांकडं मागणं घालायला. त्यांचं मन वाईट नव्हतं, हे सांगून ठेवते. कोपऱ्यात पहिले थेंब टाकले. मग त्यांना वर टांगलेला डबा दिसला. म्हणाले असतील, वाडवडिलांनी एकदम का प्यावी, दिवसभर सावकाश पिऊ दे. अख्खी बाटली त्या डब्यात ओतली.

मावशी आली तेव्हा डबा ठिबकतच होता. घोयरा खाली मातीवर पडलेला, पांढुरका. दोन्ही डोळे पहिल्यांदाच एकाच दिशेला. रस्त्याच्या.

"मी चांगल्यासाठीच केलं गं," रालाइवाव उंबऱ्यावर बसून म्हणाले.

"माहीत आहे, भावजी."

बास, एवढंच. ती त्यांना पुढं कधी काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं ते म्हणायचे.

आमच्याकडं काही वर्षांनी थडगं उघडून पूर्वजांच्या हाडांना नवीन रेशीम गुंडाळतात, त्या वर्षी ती पाळी होती. थडगं उघडलं. मावशीनं नवऱ्याच्या रेशमातली एक पट्टी ठेवली होती. तिच्यात घोयऱ्याला गुंडाळलं, सात गाठी मारल्या आणि नवऱ्याशेजारी नायवूसाठी राखलेल्या जागेवर ठेवलं. लोक कुजबुजले. रालाइवाव थडग्याच्या दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "ठेवू दे."

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. नायवू आला नाही, मेल्याचीही खबर आली नाही. मच्छरदाणी फाटली, वासे कुजले. डबा तेवढा ती रोज भरायची. आई विचारायची, कुणासाठी? मावशी म्हणायची, "त्याला पुरलं ते मी. पण गेलाय का नाही, ते मला कोणी सांगितलंय?"

गेल्या महिन्यात तिच्यासाठी थडगं उघडलं. मी दिवा धरला होता. रालाइवाव आता ऐंशीचे, तरी आत आलेच. तिला ठेवायला जागा करावी म्हणून त्यांनी ते छोटं गाठोडं उचललं आणि तसेच थांबले. माझ्या हातात दिलं. सातच्या सात गाठी तशाच होत्या, मावशी मारायची तशा, दुहेरी. मी चाचपलं, आत काही नव्हतं. हाड नाही, धूळ नाही. रेशीम रेशमाला चिकटलेलं, कुठं भोक नाही.

"किडा खातो," मी म्हणाले.

"किडा गाठी सोडून परत मारत नाही," रालाइवाव म्हणाले. "ही जागा रिकामी ठेवा. वाहांगीला पलीकडं सरकवा."

तसंच केलं.

घर आता माझ्याकडं आहे. डबा मी रोज सकाळी भरते, सवय म्हणून म्हणा. घोयरा मला कधी दिसला नाही, मी बारकाईनं बघतही नाही. डबा दुपारपर्यंत रिकामा होतो. एरवी झुडपाखालची माती ओली असते. काही दिवशी मात्र ती कोरडी ठाक असते, एक थेंब खाली आलेला नसतो, आणि त्या दिवशी मी रस्त्याकडं तोंड करून बसते.